नकाशाची खळ

पाडव्याच्या आदल्या रात्री मी आईचं चक्क्याचं फडकं ओल्या कचऱ्यात टाकलं. दोन लिटर दुधाचं दही त्यात ओतून चारी टोकं एकत्र धरली, गाठ आवळायला जोर लावला आणि ते टर्रकन फाटलं. दही ओट्यावरून ओघळत गॅसच्या शेगडीखाली गेलं. रात्रीचे साडेदहा वाजले होते, सकाळी पाहुणे यायचे होते, आता विकतचा चक्का आणण्यावाचून इलाज नव्हता. मी त्याच फडक्यानं ओटा पुसला आणि बोळा करून डब्यात टाकला. सकाळी आईनं (वय 82, गुडघे गेले, कान अर्धे गेले, घरातली कुठली वस्तू कुठे असते याचा हिशोब मात्र शाबूत) विचारलं, "फडकं वाळत नाही घातलंस?" म्हटलं, फाटलं, टाकलं. नवीन मलमल मागवते, परवापर्यंत येईल. ती काही बोलली नाही. आमच्या आईचं न बोलणं शेजाऱ्यांनाही ऐकू जातं. थोड्या वेळानं काठी टेकत ती कचऱ्याच्या डब्यापाशी जाऊन उभी राहिली. वाकता येत नाही, म्हणून नुसती बघत. मग मीच वाकले.

कलिंगडाच्या साली आणि चहाच्या चोथ्यातून निघालेलं ते फडकं साबण लावून तीन पाण्यांतून काढलं आणि गॅलरीतल्या दोरीवर टाकलं. एरवी ते कधी उन्हात जात नाही. मोरीतल्या खुंटीवर वाळतं, घडी होऊन डब्यात जातं. त्या दिवशी साडेनऊचं ऊन त्याच्या मागून आलं आणि कापडात रेषा दिसायला लागल्या. पाटीवरचं पुसलेलं गणित तिरप्या उजेडात दिसतं ना, तशा. एक जाड, नागमोडी. तिच्या दोन्ही अंगांना वेडेवाकडे चौकोन. एका चौकोनात 43, त्याखाली आडवी रेघ आणि 2. म्हणजे सर्व्हे नंबर 43, हिस्सा दुसरा. एका बाजूला तळहाताएवढा निळसर डाग. आणि खालच्या कोपऱ्यात, शिवणीत अर्धी गेलेली एक चौकट, तिच्यात दोन इंग्रजी अक्षरं. ती बाबांची आद्याक्षरं होती. सही नव्हे. ट्रेसरला सही नसायची.

इतकी वर्षं आमचा पाडवा एका नकाशात टांगला जात होता.

बाबा सरकारी नोकरीत ट्रेसर होते. आता हे पद कुणाला समजावून सांगावं लागतं. पेन्सिलीत काढलेला मूळ नकाशा खाली ठेवायचा, त्यावर ट्रेसिंग क्लॉथ ताणून पिना मारायच्या आणि दिसेल ती प्रत्येक रेघ शाईनं वर उतरवायची. स्वतःची एकही रेघ घालायची नाही. त्या कापडावरून मग निळ्या प्रती निघत. ट्रेसिंग क्लॉथ म्हणजे अतिशय तलम सुती कापड, त्यावर इतकी खळ चढवलेली की ते कागदासारखं ताठ, काचेसारखं चकचकीत आणि जवळजवळ आरपार होई. रंग किंचित निळा. शाई नीट बसावी म्हणून आधी त्यावर खडूची पूड फिरवायची. रूलिंग पेनाच्या दोन पात्यांत शाईचा थेंब धरायचा, स्क्रू फिरवून रेघेची जाडी ठरवायची आणि श्वास रोखून ओढायचं. चूक झाली तर ब्लेडच्या पात्यानं हलकेच खरवडायची. या कापडाचा एकच शत्रू, पाणी. कपाळावरून घामाचा एक थेंब पडला की तिथली खळ सुटते आणि पांढरा फोड उठतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये हे काम कसं करत असतील याचा विचार लहानपणी कधी केला नाही. आठवतं ते एवढंच की ते पंखा लावू देत नसत, कारण कागद उडतात, आणि मनगटाखाली नेहमी एक रुमाल असे. पांढरा, मऊ, इस्त्रीचा. तो रुमालही ट्रेसिंग क्लॉथचाच होता, खळ काढलेला.

कारण शाई सांडली, फोड आले, किंवा वरून मोजमाप बदलून आलं, की ट्रेसिंग बाद व्हायचं. बाद तुकडे बाबा विचारून घरी आणत. विचारून, हे ते आम्हाला दर वेळी सांगत. सरकारी पिनसुद्धा खिशात सापडली तर अस्वस्थ होणारा माणूस. आई ते तुकडे रात्री गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजत टाकायची. सकाळी बादलीत पेज झालेली असे, निळसर-करडी, बुळबुळीत, शिळ्या भाताच्या वासाची. खळ गेली की तिच्या अंगावर बसलेली शाईही जाते. उरतं ते मलमलीच्या तोंडात मारेल असं कापड. त्याचे बाबांचे रुमाल झाले, माझ्या धाकट्या भावाची झबली झाली, उशांचे अभ्रे, देवाच्या पाटावरचं वस्त्र, ताक गाळायचं, तूप गाळायचं, चक्क्याचं. वसाहतीत सगळ्याच बायका हे करत. ड्राफ्ट्समन आणि ट्रेसर ज्यांच्या घरी, त्यांची बाळं झबल्यांवरून ओळखू यायची. नीट न धुतलेल्या झबल्याच्या पाठीवर उत्तर दिशेचा बाण घेऊन रांगणारं एक बाळ मला चांगलं आठवतं, पण तो माझा भाऊ की शेजारचा, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

दोरीवरच्या त्या फडक्यासमोर उभी असताना मला साबण आठवला. घरातला नव्हे, मोना हातूमचा. ही पॅलेस्टिनी आईबापांच्या पोटी बैरूतमध्ये 1952 साली जन्मलेली कलावंत. 1996 मध्ये ती जेरुसलेमला एका गॅलरीत काम करायला गेली आणि तिथं तिनं नाब्लुसचा साबण मांडला. ऑलिव्हच्या तेलाचा, पांढरट, चौकोनी, त्या भागातल्या घराघरांत वापरला जाणारा. असे दोन हजारांहून जास्त साबण तिनं जमिनीवर एकाला एक चिकटवून ठेवले आणि त्यांत लाल काचमणी दाबून बसवत एक नकाशा उमटवला: इस्रायलशी झालेल्या 1993 च्या ओस्लो करारानंतर पॅलेस्टिनींच्या ताब्यात द्यायच्या जमिनीच्या सीमांचा. सलग प्रदेश दिसतच नाही. तुकडे, बेटं, पुरळ उठल्यासारखे ठिपके. मी हे फक्त छायाचित्रांत पाहिलंय, पण त्या खोलीत साबणाचा वास भरून राहिला असणार, आणि तिथल्या लोकांना तो मोरीचा, आजीचा, धुतलेल्या केसांचा वास वाटला असणार. प्रदर्शन बघायला आलेल्या एकानं हातूमला विचारलं म्हणे, की साबणावर नकाशा यासाठीच काढलात ना, की साबण विरघळला की या सीमाही जातील? मला हा प्रश्न कुठल्याही समीक्षकाच्या लेखापेक्षा आवडतो. विचारणारा हात धुणारा माणूस होता. साबणाचं काय होतं हे त्याला ठाऊक होतं.

पण तो साबण कुणी वापरला नाही, हेही खरंच. कलावस्तू झालेल्या साबणानं कुणी अंग घासत नाही. तिथं विरघळण्याची शक्यता मांडलेली आहे, विरघळणं नाही. आमच्याकडे मात्र आईनं नकाशा बादलीत बुडवला, चोळला, पिळला आणि त्यातल्या सीमा मोरीतून वाहून गेल्या, आणि तिच्या मनात कलाबिला काही नव्हतं. मी मुद्दाम विचारलं तिला. "तुला माहीत होतं का गं, कुठल्या गावाचा नकाशा आहे?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजूनही दहावीत आहे. "नावं वाचत बसले असते तर झबली कोण शिवणार होतं? कापड चांगलं होतं."

आता मी जरा अडचणीच्या गोष्टीकडे येते. उजनी धरणाचं काम 1969 मध्ये सुरू झालं आणि त्याच सुमाराला बाबांच्या टेबलावर भूसंपादनाचे नकाशे यायला लागले. भीमेच्या दोन्ही काठांची गावं, त्यातले सर्व्हे नंबर, त्यांचे हिस्से, आणि त्या सगळ्यांमधून बेफिकीर फिरत गेलेली एक रेघ: धरण भरल्यावर पाणी इथपर्यंत येणार. फडक्यावरची ती जाड नागमोडी रेघ नदीची आहे की पाण्याच्या पातळीची, मला सांगता येत नाही. नदीची असेल असं मानायला मला आवडेल. पातळीची असेल, तर तिच्या आतला हिस्सा दुसरा गेला आणि बाहेरचा राहिला, आणि ती रेघ माझ्या बाबांच्या हातानं ओढलेली आहे. त्यांनी ठरवलेली नाही, फक्त उतरवलेली. हा फरक त्यांना किती पुरायचा, कोण जाणे. ते या विषयावर बोलत नसत. एवढंच कळतं की आमच्याकडे आलं ते बाद झालेलं ट्रेसिंग. डाग पडला, म्हणून ते घरी आलं आणि चक्क्याला लागलं. त्याची स्वच्छ, बिनडागाची दुसरी प्रत कचेरीत गेली आणि तिनं तिचं काम केलं.

मुंबईच्या कलावंत रीना सैनी कलत यांचं जाळं मी प्रत्यक्ष पाहिलंय. 2013 ची गोष्ट. भायखळ्याला भाचीच्या मुलांना राणीच्या बागेत घेऊन गेले होते. हत्ती बघून झाला, भेळ खाऊन झाली, आणि बाहेर पडताना शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर कोळ्याचं एक अवाढव्य जाळं लटकलेलं दिसलं. ती इमारत 1872 ची, आधी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, 1975 पासून भाऊ दाजींच्या नावाची. म्हणजे स्वतःच नाव बदललेली. जाळं कशाचं, तर रबरी शिक्क्यांचं. शेकडो शिक्के, आणि प्रत्येकावर मुंबईतल्या एकेका रस्त्याचं जुनं, इंग्रजी अमदानीतलं, आता कागदोपत्री पुसलेलं नाव. धाकट्याला वाटलं खरा कोळी वर कुठेतरी बसला असेल. मी मान वर करून उभी राहिले आणि पहिल्यांदा आठवला तो बाबांच्या टेबलावरचा शिक्क्यांचा लाकडी स्टँड आणि जांभळ्या शाईच्या पॅडचा वास. बाहेर देशांतून येणाऱ्या मासिकांत भारताचा नकाशा असला, की त्यावर सरकारी शिक्का मारलेला असे: दाखवलेल्या सीमा बरोबर नाहीत. शिक्का म्हणजे 'आहे' आणि 'नाही' ठरवणारी वस्तू. कलत शिक्के बरीच वर्षं वापरत आल्या आहेत. बेपत्ता म्हणून नोंद झालेल्या माणसांची नावं कोरलेल्या शिक्क्यांतून त्यांनी चेहरे उभे केले आहेत, जवळ गेलं की नावं आणि लांब गेलं की चेहरा. पण मला भावलं ते जाळंच, कारण नाव बदललं की रस्ता बदलत नाही हे मुंबईतल्या प्रत्येक टॅक्सीवाल्याला माहीत असतं. डॉ. भडकमकर मार्गावर सोडा म्हणून बघा. "लॅमिंग्टन रोड बोलो ना," असं उलट ऐकावं लागेल.

त्यांचंच दुसरं एक काम आहे, विजेच्या वायरी पिळून केलेला जगाचा नकाशा. माणसं एका देशातून दुसऱ्या देशात जिथून जिथून गेली त्या वाटा रंगीत वायरींच्या, आणि त्यातून जहाजांचे भोंगे, कारखान्यांचे भोंगे, टेलिफोनचा एंगेज टोन, स्थलांतरित पक्ष्यांचे आवाज. 2016 मध्ये तो न्यू यॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात लागला होता. वायर निरोपही नेते आणि काटेरी तारेसारखी पिळली की कुंपणही होते, अशी त्यातली कल्पना. चांगली आहे. थोडी जास्तच चांगली आहे, माझ्या मते. सांगितली की संपते. जाळ्याचं तसं होत नाही.

फाळणी हा शब्द आमच्या घरी दोन अर्थांनी वावरायचा. बाबांच्या तोंडी 'फाळणी नकाशा' म्हणजे सर्व्हे नंबरचे हिस्से पडले की त्यांचा काढलेला नकाशा. "आज तीन फाळण्या संपवल्या," असं ते हात धुता धुता म्हणत. त्यामुळे शाळेत इतिहासाच्या पुस्तकात फाळणी आली तेव्हा मला वाटलं होतं, कुणीतरी बसून व्यवस्थित ट्रेस केली असणार. पुढे कळलं, ती सीमा आखायला नेमलेले रॅडक्लिफसाहेब 8 जुलै 1947 ला पहिल्यांदा भारतात आले, पाच आठवडे होते त्यांच्यापाशी, आणि रेघ जाहीर झाली 17 ऑगस्टला. झेंडे फडकून दोन दिवस झाल्यावर. दोन भावांच्या बांधाचा निकालसुद्धा आमच्याकडे इतक्या लवकर लागत नाही.

त्या रेघेचं मी पाहिलेलं सर्वांत शांत चित्र छापचित्रकार झरीना यांचं आहे. त्या आडनाव लावत नसत. 1937 साली अलीगढला जन्म, वडील विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक, स्वतः शिकल्या गणित. नवरा परराष्ट्र सेवेत, त्यामुळे बँकॉक, पॅरिस, दिल्ली. पुढे एकटीनं तोक्यो आणि न्यू यॉर्क. आईवडील 1959 मध्ये कराचीला गेले, आणि माहेर म्हणून परतायला अलीगढ राहिलं नाही. 2001 च्या 'डिव्हायडिंग लाइन' या लाकडी ठशावरच्या छापचित्रात हातकागदावर फक्त एक काळी रेघ आहे, वर उजवीकडून खाली डावीकडे अडखळत उतरलेली, आणि भोवती छिन्नीच्या बारीक खुणा. शेजारी ना गाव, ना नदी, ना रंग. ठसा कसा कोरतात हे माहीत असेल तर यातला घाम कळतो. लाकूड जिथं खोदाल तिथं शाई लागत नाही, जिथं ठेवाल तिथं लागते. म्हणजे ही रेघ कोरलेली नाही, ती तेवढीच शिल्लक ठेवलेली आहे. दोन्ही बाजूंचं सगळं, पंजाब, सिंध, राजस्थान, अलीगढ, कराची, खरवडून टाकलेलं आहे. ती काढताना मला नकाशा बघावा लागला नाही, अशा अर्थाचं त्या म्हणाल्या होत्या. बाबा मूळ नकाशा खाली असल्याशिवाय एक रेघ मारत नसत, आणि या बाईला खाली काहीच लागलं नाही.

झरीनांची आणखी एक मालिका आहे, 1999 ची, छत्तीस छोटी छापचित्रं. प्रत्येकाखाली घराशी नातं असलेला एकेक उर्दू शब्द. दार, उंबरा, अंगण, भिंत, अशी आणि आणखी. उर्दू वाचता येत नाही मला, पण ती चित्रं बघताना आईनं एकदा काढलेला नकाशा आठवतो. झालं असं की शिल्पा गुप्ता नावाच्या कलावंत लोकांकडून आपापल्या देशाचा नकाशा आठवणीनं काढून घेतात, हे मी कुठंतरी वाचलं होतं. त्याही मुंबईच्याच, जे. जे.च्या. शंभर माणसांनी काढलेले भारताचे शंभर नकाशे त्यांनी एका वहीत घातले, वही टेबलावर उघडी ठेवली आणि पंखा सोडला. पानं आपोआप उलटत राहतात, देश आखूड होतो, फुगतो, कलतो. (बाबांना ते बघवलं नसतं. पंखा आणि नकाशा एका टेबलावर!) त्यांनी भारत-पाकिस्तान सीमेवरच्या 1188.5 मैल कुंपणाच्या हिशोबानं, 14.9 ला 1 या प्रमाणात, दोऱ्याचा एक गुंडाही केलाय. जवळजवळ ऐंशी मैल दोरा, हातानं गुंडाळलेला, काचेच्या पेटीत ठेवलेला, अंड्यासारखा. तर तो नकाशांचा खेळ मी घरी दिवाळीत खेळायला लावला. भाचे-पुतण्यांनी भारत काढले, श्रीलंका कुणी विसरलं, कुणी गुजरातला तोंडच दिलं नाही. आईला देश काढायचा नव्हता. तिनं सोलापूरचं क्वार्टर काढलं. आधी नळ. मग नळापासून मोरी, मोरीपासून दोरी, दोरीच्या दोन खुंट्या. खोल्या सर्वांत शेवटी, उरलेल्या जागेत कोंबल्या, आणि बाबांचं टेबल त्यात मावलंच नाही. प्रमाण म्हणाल तर दोरी घराहून लांब होती.

अलिघिएरो बोएत्ती हा इटालियन कलावंत. त्याच्यावर माझं प्रेमही आहे आणि रागही. 1971 मध्ये तो काबूलला गेला, तिथं एक हॉटेल काढलं, आणि जगाचे नकाशे भरतकाम करून घ्यायला लागला. प्रत्येक देशाच्या आकारात त्या देशाचा झेंडा. 1994 मध्ये तो वारला तोवर असे दीडशेच्या आसपास नकाशे झाले. भरायच्या अफगाण बायका. तो परपुरुष, म्हणून त्यांच्यासमोर जाऊ शकत नसे. पुरुष मध्यस्थ कापड आणि दोरे घेऊन जात, घेऊन येत. रशियन फौजा आल्यावर त्या बायका पेशावरच्या निर्वासित वस्त्यांत गेल्या आणि भरतकाम तिथं सुरू झालं. म्हणजे एका बाजूनं स्वतःचा देश हातातून जात होता आणि दुसऱ्या बाजूनं त्याचा झेंडा टाक्याटाक्यानं भरायचा. 1979 मध्ये एक नकाशा काबूलहून आला तो गुलाबी समुद्र घेऊन. कुठल्याच बाजूला समुद्र नसलेल्या देशातल्या बायका, हा मधला मोठा पसारा समुद्र आहे हे त्यांना कुणी सांगितलं नसावं, आणि गुलाबी दोरा घरात असेल. बोएत्तीला तो इतका आवडला की पुढे रंग त्यानं त्यांच्यावरच सोडला. इथपर्यंत प्रेम. राग यासाठी, की नकाशावर नाव त्याचं. समुद्राला गुलाबी करणारीचं नाव मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. तो म्हणायचा की मी यात काहीच केलं नाही, जग जसं आहे तसं आहे, झेंडे आधीचेच आहेत. हे म्हणणं मला ट्रेसरचं वाटतं. फरक एवढाच की ट्रेसरला कोपऱ्यात दोन अक्षरं मिळतात आणि बाकी नकाशा दुसऱ्याच्या सहीनं जातो. इथं उलटं झालं.

2024 च्या मे महिन्यात उजनी पार मायनसमध्ये गेलं होतं आणि पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलं, अशी बातमी होती. भाऊ म्हणाला, जाऊन येऊ. इंदापूरच्या अलीकडे महामार्ग सोडला, गाडी उसाच्या कडेला लावली आणि भेगाळलेल्या गाळावरून चालत गेलो. काळ्या दगडाचं देऊळ, अंगावर शिंपल्यांची आणि शेवाळाची पुटं, आत ओलसर मासळीचा वास. बाहेर बरीच गर्दी. फोटो काढणारी पोरं, सरबताची गाडी, एक ड्रोनवाला. जरा बाजूला साठ-सत्तरीचा एक माणूस नातवाला घेऊन उभा होता आणि चपलेच्या टोकानं गाळात रेघा ओढत होता. "ही वेस. ही पेठ. हितं आमचं. हितनं खाली नदीला वाट." नातू फोनमध्ये. माणूस मागं सरकत सरकत काढत होता, त्यामुळे आधी काढलेल्या पेठेवर त्याचाच पाय पडला आणि ती बुजली. त्यानं ती परत काढली. भाऊ त्याच्याशी बोलायला पुढं गेला. मी गेले नाही. "आमचे वडील या कामावर होते," हे वाक्य भावाच्या तोंडून निघणार हे मला माहीत होतं, आणि निघालंच. तो माणूस म्हणाला, "असं का," आणि आम्हाला सरबत पाजलं. पैसे देऊ दिले नाहीत. परतताना गाडीत भाऊ खुशीत होता. मला ते सरबत बराच वेळ घशात जाणवत राहिलं.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्या हातचा एकही पास झालेला नकाशा आमच्याकडे नाही, असायचं कारणही नाही. हा एक बाद झालेला, तोही आम्ही धुतला, त्यात चक्का टांगला, ओटा पुसला. माझ्या एका कलाशिक्षक मैत्रिणीला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन. ही फ्रेम कर, मागून दिवा लाव, आम्ही कॉलेजच्या प्रदर्शनात ठेवू. क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोलू. भिंतीवर तो किती छान दिसेल हे मला दिसलंसुद्धा. फाटलेला भाग मध्ये, एका टोकाला 43 हिस्सा दुसरा, कोपऱ्यात आद्याक्षरं. फाटलं मात्र भलतीकडूनच होतं, रेघेशी त्याचा काही संबंध नव्हता.

आईला विचारलं, फ्रेम करू का. तिला नीट ऐकू आलं नसावं, किंवा आलं असावं. "दोरा ओवून दे," म्हणाली. आता तिला सुई दिसत नाही, पण एकदा ओवून हातात दिली की बोटं आपली आपण चालतात. डब्यात पांढरं रीळ सापडेना. भाच्याच्या गणवेशाचं लाल होतं. मी म्हटलं, थांब, खालून पांढरं आणते. "लालच चालेल, दह्याला काय कळतंय." तिनं फडकं मांडीवर घेतलं, फाटीच्या दोन्ही कडा जुळवल्या आणि धावदोरा घालायला सुरुवात केली. बारीक, एकसारखे टाके, मधेच अंगठ्यानं कापड सपाट करत. डागापाशी आली तेव्हा जरा थांबली, बोटानं तो डाग चाचपला. "हे पडलं तेव्हा तुझे बाबा चार दिवस जेवले नव्हते नीट," म्हणाली, आणि पुढे शिवत गेली.

रात्री दही बांधलं. ती स्टुलावर बसून बघत होती, या वेळी गाठ तिच्या सांगण्यावरून मारली, आधी समोरासमोरची दोन टोकं, मग उरलेली दोन. मोरीतल्या नळाला टांगलं, खाली पातेलं ठेवलं, दिवा घालवला. निवळीचे थेंब बराच वेळ पातेल्यात पडत होते.